वेताळाची नजर

मुलांनो, आज आधी एक कोडं घालते. अशी कोणती वस्तू आहे, जी आठ-पंधरा दिवसांत टाकून द्यायची म्हणूनच बनवलेली असते, पण चुकून पन्नास वर्षं टिकली तर मोठी माणसं तिला दोन्ही हातांनी अलगद उचलतात?

दागिना? छे! टाकून द्यायला दागिना कोण घडवेल? भांडं? तेही नाही. हरलात ना? मग ऐका. ती वस्तू म्हणजे स्वस्तातलं छापील चित्र! रहस्यकथेचं मुखपृष्ठ, कॉमिक्सचा अंक, काडेपेटीवरचा कागद, सिनेमाच्या गाण्यांची चोपडी, कॅलेंडरवरचं चित्र. यातलं काहीच जपून ठेवण्यासाठी छापलेलं नव्हतं. बघा, वाचा, वापरा आणि रद्दीत घाला, असाच सगळा मामला होता. तरीही अशी एखादी चीज माळ्यावरून खाली आली की घरातल्या मोठ्या माणसांचा चेहरा कसा होतो, ते कधी पाहिलंय तुम्ही?

मी पाहिलंय. गेल्या वर्षी दिवाळीची साफसफाई घराघरांत चालू होती, तेव्हा मी माझ्या चौथीच्या वर्गाला एक गृहपाठ दिला. ‘घरातला सगळ्यांत जुना छापील कागद शोधा. पोथी नको, जमिनीचे कागद नकोत, शाळेचे दाखलेही नकोत. विकत घेताना जो जपायचं कोणाच्याही मनात नव्हतं, असा कागद हवा. आणि तो कोणाचा, हे घरी विचारून या.’

दोन दिवसांत माझं टेबल भरून गेलं. एकीने तिच्या आत्याची वही आणली, पानापानावर काडेपेट्यांचे कागद खळीने चिकटवलेले. एकाने गणपतीचं चित्र आणलं. खालच्या तारखा कापून टाकून त्याची चौकट केली होती आणि आजवर त्याची पूजाही होत होती! कोणी गाण्यांची चोपडी आणली, कोणी पाठीचं पान नसलेली रहस्यकथा. सगळं मांडून झाल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “बाई, ही तर रद्दीच की! मग आजी मला ‘आधी हात धुऊन ये’ असं का म्हणाली?”

प्रश्न अगदी बरोबर होता. रद्दीला हात लावण्याआधी हात कशाला धुवायचे? याचं उत्तर शोधायचं तर आधी थोडं मागे जायला हवं.

आज तुमच्याभोवती रंगच रंग आहेत. आईच्या मोबाइलवर रंग, चिप्सच्या पिशवीवर रंग, पाठ्यपुस्तकाच्या पानोपानी रंग. तुमचे आजी-आजोबा लहान होते तेव्हा असं नव्हतं. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि तेही काळं-पांढरं. रंगीत दूरदर्शन आलं १९८२ साली. वर्तमानपत्रं काळ्या शाईची. घरातले फोटो काळे-पांढरे. मग मुलांना भडक, झगझगीत रंग भेटायचे कुठे? एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर, वाण्याच्या दुकानात आणि थिएटरबाहेरच्या पोस्टरवर! तिथे दोरीला चिमटे लावून पुस्तकं टांगलेली असत आणि प्रत्येक मुखपृष्ठ जणू ओरडून सांगत असे, ‘मला घे, मला घे!’

या मुखपृष्ठांत रहस्यकथांचा मान पहिला. बाबूराव अर्नाळकर हे नाव आजोबांसमोर घेऊन बघा. त्यांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९९६ साली ते वारले, तोवर त्यांच्या नावावर हजाराहून जास्त रहस्यकथा जमा झाल्या होत्या. हजार, बरं का! झुंझार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा जोडीदार छोटू हे त्यांचे नायक. ही पुस्तकं सगळ्यांनाच विकत घ्यायला परवडत नसत. मग दिवसाला काही पैसे भाडं भरून ती वाचनालयातून आणायची, रात्रीत फडशा पाडायचा आणि सकाळी परत! एकेक प्रत कितीतरी हातांतून जायची. म्हणूनच आज जी सापडते तिचे कोपरे दुमडलेले असतात आणि पाठीला डिंकपट्टी असते.

कथा अर्नाळकरांची, पण तो झुंझार दिसतो कसा, हे वाचकांना दाखवलं चित्रकारांनी. रघुवीर मुळगावकर (१९१८ ते १९७६) हे त्यांतलं मोठं नाव. रहस्यकथांची मुखपृष्ठंही त्यांची आणि घराघरांतल्या कॅलेंडरांवरचे देवही त्यांचे! दुसरे दीनानाथ दलाल (१९१६ ते १९७१). त्यांनी १९४५ साली ‘दीपावली’ हा अंक सुरू केला आणि असंख्य पुस्तकांची मुखपृष्ठं रंगवली. गंमत म्हणजे दोघंही मूळचे गोव्याचे. चित्रांच्या प्रदर्शनात कधी पाऊलही न टाकलेल्या लाखो माणसांनी यांची चित्रं हातात धरून पाहिली, उशाशी ठेवली, भिंतीवर लावली.

या चित्रांचं काम सोपं नव्हतं हो. गाडी सुटायला पाच मिनिटं आहेत, प्रवाशाच्या हातात बोचकं आहे, आणि एवढ्यात त्याला थांबवायचं! म्हणून मुखपृष्ठावर कधी उत्तर नसायचं, नुसता प्रश्न असायचा. अर्धवट उघडं दार. जमिनीवर लांबलेली सावली, पण सावलीचा माणूस दिसत नाही. पिस्तुलावर चमकणारा दिव्याचा कवडसा. ‘आत कोण आहे?’ हे कळायला पैसे मोजलेच पाहिजेत!

आता एक प्रयोग करा. घरात भिंग असेल तर असं एखादं जुनं रंगीत मुखपृष्ठ त्याखाली धरा. काय दिसतं? ठिपके! वेताळाचा पोशाख, जंगलाची हिरवाई, आगीचा लाल लोळ, सगळे ठिपकेच. पिवळा, किरमिजी, निळसर आणि काळा अशा चारच शाया. पिवळ्या ठिपक्यांशेजारी निळसर ठिपके आले की लांबून डोळ्यांना हिरवं दिसतं. कागद प्रत्येक रंगासाठी एकदा असा चार वेळा छापला जायचा. त्यात तो केसभर सरकला की नायिकेच्या ओठांची लाली गालावर यायची आणि नायकाला दोन-दोन नाकं दिसायची. माझ्या वर्गात भिंग फिरलं तेव्हा मुलं हसून हसून लोळली. पण बघता बघता त्यांना हेही कळलं, की हे कोणीतरी हातांनी केलं आहे. कोणीतरी आधी कुंचल्याने रंगवलं, कोणीतरी यंत्रावर कागद लावला, आणि त्या दिवशी त्याचा हात जरा हलला.

हात हलल्याचं पन्नास वर्षांनीही दिसतं, हीच तर त्यातली मौज आहे.

टेबलावरच्या ढिगात वर्गाने सगळ्यांत जास्त हाताळलं ते एक कॉमिक्स. इंद्रजाल कॉमिक्सचा अंक. मुखपृष्ठावर वेताळ! तुमच्या आई-बाबांना विचारा, मामाला विचारा. टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं. किंमत ६० पैसे. पुढे ते मराठीतही येऊ लागलं. आधी मासिक, मग पाक्षिक आणि नंतर साप्ताहिक. १९९० साली ते बंद पडेपर्यंत आठशेहून जास्त अंक निघाले.

वेताळ मूळचा अमेरिकेतला. ली फॉक यांनी तो १९३६ साली वर्तमानपत्रांसाठी रचला. तिकडे त्याचं नाव फॅन्टम. मराठीत आणताना त्याला वेताळ म्हटलं, आणि नाव असं काही चपखल बसलं की विचारू नका. कोकणात आणि गोव्यात गावोगावी वेताळाची देवळं आहेत. रात्री गावाची राखण करणारा, भुतांचा राजा असा तो देव. पुण्यात तर अख्खी टेकडीच त्याच्या नावाची! त्यामुळे मुखवटा घालून घोड्यावरून फिरणारा, कवटीच्या गुहेत राहणारा आणि दुष्टांच्या जबड्यावर कवटीचा ठसा उमटवणारा हा गडी आपल्या मुलांना परका वाटलाच नाही. मूळ कथेतल्या देशाचं नाव बंगालशी मिळतंजुळतं होतं. इंद्रजालमध्ये त्याचं झालं ‘डेंकाली’. आजोबांच्या वयाच्या कितीतरी मुलांनी नकाशात डेंकाली शोधलं असेल!

पुढे १९७६ साली इंद्रजालला आपला स्वतःचा नायक मिळाला, बहादूर. भगवा कुर्ता आणि जीन्स घालणारा, डाकूंशी लढणारा. तो आबिद सुरती यांनी रचला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारला. इंद्रजालची कितीतरी मुखपृष्ठंही गोविंद यांनीच रंगवली. आतली चित्रं परदेशातून येत, पण दुकानात मुलाला हाक मारणारं बाहेरचं चित्र इथे, आपल्याकडे तयार होई.

आणि काडेपेटी? तिच्यावर चित्र कशाला हवं, असं वाटेल. पण ज्यांना अक्षरओळख नव्हती, ती माणसं दुकानात जाऊन काय मागणार? ती म्हणत, ‘घोडा छाप द्या’, ‘जहाज छाप द्या’. चित्र हेच नाव! माझ्या विद्यार्थिनीच्या आत्याने हेच कागद रस्त्यावरून वेचून वही भरली होती. तिच्या लहानपणी विकतची खेळणी नव्हती. ही वही हीच तिची श्रीमंती.

आता एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. जुनं म्हणजे सगळंच छान, असं मुळीच नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीने सगळी मुखपृष्ठं पाहून विचारलं, “बाई, यांत प्रत्येक वेळी बाईच का घाबरलेली असते?” मी पुन्हा एकदा ढीग चाळला. खरंच की! पुरुषाच्या हातात पिस्तूल आणि बाईच्या तोंडातून किंकाळी. वेताळाचंही तसंच. जंगलातल्या माणसांना वाचवायला दर वेळी एक गोरा मुखवटेवाला लागतो. त्यांना स्वतःचं काही जमतच नाही का? आम्ही यावर अर्धा तास बोललो. जुन्या वस्तूवर माया करावी, पण डोळे उघडे ठेवून. आजीवर आपण माया करतो, म्हणून तिचं प्रत्येक म्हणणं पटतंच असं थोडंच आहे?

मग ‘हात धुऊन ये’चं उत्तर काय? ते मला त्या वेताळाच्या अंकानेच दिलं.

तो अंक आणणाऱ्या मुलाच्या घरी जुनी लोखंडी ट्रंक रद्दीवाल्यासाठी बाहेर काढून ठेवली होती. गृहपाठ आठवला म्हणून त्याने वरचं एक पुस्तक उचललं आणि दप्तरात टाकलं. तो शाळेत आला आणि तिकडे ट्रंकेतली बाकीची पुस्तकं तराजूवर चढली. अंकाच्या पहिल्या पानावर निळ्या शाईत, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘या पुस्तकावर वेताळाची नजर आहे. वाचून परत करावे. न केल्यास कवटीचा ठसा!’ शेजारी छोटीशी कवटी काढलेली. खाली साल, १९७१.

मुलांना ते फारच आवडलं. “कोणी लिहिलंय रे?” मी विचारलं. त्याला माहीत नव्हतं. घरी विचारायचंच राहून गेलं होतं. “मग आज विचारून ये,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना त्याचे आजोबा स्वतः आले. वर्गात येऊन त्यांनी तो अंक हातात घेतला, पहिलं पान उघडलं आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवत बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “बाई, हे आमच्या दादाचं अक्षर.”

त्यांना एक थोरला भाऊ होता. दोघं मिळून पैसे साठवायचे आणि अंक आणायचे. आधी दादा वाचणार, मग हे. १९७१ च्या पावसाळ्यात दादाला कावीळ झाली आणि तो गेला. पंधरा वर्षांचा होता. त्या काळी खेड्यात फोटो कोण काढणार? घरात त्याचा एकही फोटो नाही. “त्याचं नाव निघालं की आई रडायची. म्हणून आम्ही नाव काढणंच सोडून दिलं,” आजोबा म्हणाले. त्यांनी आपल्या मुलांनाही कधी सांगितलं नव्हतं. माझ्या विद्यार्थ्याच्या बाबांना चाळिशीत कळलं, की आपल्याला एक काका होते. त्यांचं अक्षर वळणदार होतं आणि ते भारी गमतीदार होते.

मला वाटलं, आजोबा आता अंक घेऊन जातील. मी तो कागदात गुंडाळायला लागले. तर ते म्हणाले, “राहू द्या की आठवडाभर. मुलांना वाचू दे. परत करा म्हणजे झालं. तसं लिहिलंच आहे त्यावर!”

आणि मुलांनो, अंक वेळेत परत गेला. वेताळाची नजर होती ना! (ही गोष्ट आजोबांना विचारूनच तुम्हाला सांगते आहे.)

आता तुमच्या लक्षात आलं असेल. आजी ‘हात धुऊन ये’ म्हणते, ते त्या कागदासाठी नव्हे. तो कागद ज्यांच्या हातातून आला, त्या हातांसाठी. सोनं-नाणं सगळे जपतात, ते वाटून घेतात, कुलपात ठेवतात. पण शेजारी बसून कोणाबरोबर काय वाचलं, कशावर हसलो, कोणाशी कशावरून भांडलो, हे कुलपात कसं ठेवणार? ते अशा स्वस्तातल्या कागदाला चिकटून येतं.

मला वाचता येऊ लागलं तोवर इंद्रजाल बंद पडून काही वर्षं झाली होती. वेताळ मला भेटला तो मामाच्या गाठोड्यात. तरी त्या पिवळ्या कागदाचा वास आला की मला माझं लहानपण आठवतं. माझ्या आधीच्या काळाची मला कशी आठवण येईल? तर ती त्या काळाची नाहीच. ती मामाची आहे. वेताळाच्या गोष्टीतही असंच आहे बघा. लोकांना वाटतं तो अमर आहे. खरं तर बापानंतर मुलगा तोच पोशाख चढवतो, तीच अंगठी घालतो.

आई-बाबांनाही दोन शब्द. जुन्या अंकांना आणि पोस्टरांना आता मोल आलं आहे. संग्राहक ती पैसे देऊन घेतात, आणि त्यात वाईट काहीच नाही. त्यांच्यामुळेच कितीतरी गोष्टी वाचल्या. पण बाजारात कोऱ्या करकरीत प्रतीला भाव, नाव लिहिलेल्या, पान फाटलेल्या प्रतीला नाही. घरात मात्र नेमकं उलटं असतं. म्हणून ट्रंक काट्यावर चढण्याआधी एक संध्याकाळ मुलांसोबत बसून ती उपसा. सगळं ठेवायला जागा नसते, हे मलाही ठाऊक आहे. दहांतलं एक ठेवा. पण कोणतं एक, ते घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला निवडू द्या.

आणि मुलांनो, ठेवलंत तर नीट ठेवा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि कागदही खराब करते. उन्हात ठेवू नका, असला कागद उन्हाने पिवळा आणि ठिसूळ होतो. ओल लागू देऊ नका, कसर लागते. पिना गंजल्या असतील तर मोठ्यांकडून अलगद काढून घ्या. पुस्तक आडवं ठेवा आणि सोबत एक चिठ्ठी घाला. हे कोणाचं, कुठे घेतलं, कोणी कोणाबरोबर वाचलं, एवढं तीन ओळींत पेन्सिलीने लिहा. ती चिठ्ठी नसेल तर पन्नास वर्षांनी उरतो तो नुसता कागद.

शेवटी एक छोटासा गृहपाठ. हो, इथेही! तुमच्या हातात आत्ता जो अंक आहे ना, तोही त्याच जातीचा. आठवड्याने नवा येईल आणि हा कुठेतरी जाईल. त्याआधी पहिल्या पानावर तुमचं नाव, इयत्ता आणि तारीख लिहा. कोणाबरोबर वाचलात तेही लिहा, आणि वाटलं तर एक छोटीशी कवटी काढा. मग तो धाकट्या भावंडाला किंवा शेजारच्या मित्राला वाचायला द्या.

फक्त, वाचून परत करायला सांगा हं!